रोहिणखेडचा घाट : उजव्या आणि डाव्या बाजूची गोष्ट

आमच्या घरात कॉलेजला जाणारी एक मुलगी आहे. नात्याने पुतणी. मागे सुट्टीत ती रात्री उशिरापर्यंत एक इंग्रजी मालिका पाहत बसायची. आम्ही सहज विचारले, काय पाहतेस ग एवढे? तेव्हा तिने कथानक सांगितले. मालिका बीबीसीची, २०२० साली आलेली. मॅलोरी ब्लॅकमन या लेखिकेच्या २००१ मधल्या कादंबरीवर ती बेतली आहे. त्यात जगाचा इतिहासच उलटा केला आहे. युरोपने आफ्रिका जिंकली नाही, आफ्रिकेनेच सातशे वर्षांपूर्वी युरोप जिंकला, अशी कल्पना आहे. त्यामुळे इंग्लंडात काळे लोक राज्यकर्ते आहेत आणि गोरे लोक त्यांच्या घरी मोलमजुरी करतात. राज्यकर्त्यांना 'क्रॉस' आणि प्रजेला 'नॉट' म्हणतात. आपल्याकडे मुले पाटीवर फुल्ली-गोळा खेळतात, तीच ही फुल्ली आणि तोच हा गोळा. फुल्लीवाल्या मंत्र्याची मुलगी सेफी आणि तिच्या घरी कामाला असलेल्या गोऱ्या बाईचा मुलगा कॅलम यांचे प्रेम जमते. कायद्याने अशा प्रेमाला बंदी आहे. पुढे जे व्हायचे ते होते.

गोष्ट सांगून झाल्यावर तिने विचारले, "चाचा, अपने यहां ऐसा कुछ हुआ था क्या?" आम्ही लगेच बाजीराव-मस्तानीचे नाव घेतले. मराठी माणूस घेतो तसेच. मस्तानीच्या मुलाची मुंज होऊ शकली नाही, तो समशेर बहाद्दर म्हणून वाढला आणि १७६१ मध्ये पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढून कामी आला, हेही सांगितले. पण पोरीचे समाधान झाले नाही. म्हणाली, हे तर धर्माचे झाले. मी रंगाचे, वंशाचे विचारतेय. आपल्या मुसलमानांत कधी काळा-गोरा होता का?

प्रश्न अवघड होता. आपल्या समाजात या प्रश्नाचे एक ठरलेले उत्तर आहे. इस्लाममध्ये भेदभाव नाही, बादशहा आणि गुलाम एका सफेत उभे राहतात, हजरत बिलाल हबशी होते आणि त्यांनी पहिली अजान दिली. हे सगळे खरे आहे. पण हे शिकवणुकीबद्दलचे उत्तर झाले. प्रश्न इतिहासाचा होता. इतिहासाचे उत्तर शोधायला लंडनला जायची गरज नव्हती. ते आमच्या बुलडाणा जिल्ह्यातच, घाटाखालच्या एका गावात पडलेले आहे. त्या गावाचे नाव रोहिणखेड.

रोहिणखेड मोताळा तालुक्यात आहे. बुलडाणा शहर बालाघाटावर, म्हणजे डोंगराच्या माथ्यावर. तिथून मलकापूरकडे निघाले की घाट उतरावा लागतो आणि खाली पूर्णेच्या खोऱ्याचा सपाट, काळ्या मातीचा पायनघाट सुरू होतो. खानदेशातून वऱ्हाडात आणि वऱ्हाडातून वर दख्खनच्या पठारावर जायचे, तर हे घाट ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही. म्हणून फौजा इथे भिडत. गावात १५८२ मध्ये खुदावंदखान महदवी याने बांधलेली दगडी मशीद आहे. आजूबाजूला कापूस, तूर, मका. येणाऱ्या-जाणाऱ्याला इथे काही मोठे घडून गेले असेल असे वाटतही नाही. पण या एका गावाच्या शिवारात दोन लढाया झाल्या आणि दोन्हींचा संबंध पोरीने विचारलेल्या प्रश्नाशी आहे.

पहिली लढाई १४३७ सालची. त्या वेळी दख्खनवर बहमनी सुलतानांची सत्ता होती आणि राजधानी बीदर. १४३६ मध्ये अलाउद्दीन अहमदशहा दुसरा गादीवर आला. त्याचे लग्न तो शहजादा असतानाच झाले होते. मुलगी होती खानदेशच्या नसीरखान फारूकीची, नाव आगा जैनब. बुऱ्हाणपूर शहर वसवणारा तोच हा नसीरखान. फारूकी घराणे आपला वंश दुसरे खलिफा हजरत उमर फारूक यांच्यापर्यंत नेत असे. बहमनी सुलतानाला गुजरातच्या विरोधात खानदेशची सोबत हवी होती, म्हणून हे लग्न ठरले. थोडक्यात, राजकारणाचा रिश्ता.

गादीवर आल्या-आल्या अलाउद्दीनने कोकणात फौज पाठवली. संगमेश्वरचा राजा शरण आला. तहात खंडणी आली आणि खंडणीबरोबर राजाची मुलगी आली. फारसी इतिहासकार फरिश्ता सांगतो की ती फार देखणी होती, गुणी होती, आणि सुलतानाचे मन तिच्यावर जडले. त्याने तिला फारसी नाव दिले. कुठे ते 'परीचेहरा' असे आढळते, कुठे 'जेबा चेहरा'. दोन्हींचा अर्थ तोच, सुंदर मुखाची. सुलतान तिच्या महालात रमला आणि फारूकी मलिकेकडे त्याचे दुर्लक्ष झाले. मलिकेने बापाला पत्र लिहिले. बाप संतापला, गुजरातच्या सुलतानाची संमती घेतली आणि वऱ्हाडवर चालून आला.

वऱ्हाडचा सुभेदार खानजहान नरनाळ्याच्या किल्ल्यात कोंडला गेला. वऱ्हाडातले अनेक सरदार नसीरखानाला जाऊन मिळाले. त्यांनी पुढे केलेले कारण लक्षात ठेवण्याजोगे आहे. हा हजरत उमर यांच्या वंशातला, याच्या बाजूने लढणे पुण्याचे, असे ते म्हणत. म्हणजे भांडण एका नवऱ्याचे आणि सासऱ्याचे, पण ते उभे राहिले वंशाच्या पवित्रतेवर. एका बाजूला खलिफांच्या वंशाची लेक, दुसऱ्या बाजूला कोकणातल्या राजाची, बहुधा मराठीच बोलणारी मुलगी. कोणत्या बायकोला किती मान, यावरून घाटाखाली फौजा जमल्या.

बीदरमध्ये मसलत बसली. आता इथे दरबाराची रचना समजून घ्यावी लागेल. बहमनी दरबारात सरदारांचे दोन तट होते. इराण, इराक, मध्य आशिया, अरबस्तान इथून नव्याने आलेले ते 'आफाकी', म्हणजे क्षितिजापलीकडून आलेले. त्यांनाच 'गरीब' किंवा परदेशी म्हणत. ते रंगाने गोरे, भाषेने फारसी आणि पुष्कळसे शिया. दुसरा तट 'दख्खनी'. त्यांत शंभरेक वर्षांपूर्वी उत्तरेतून आलेल्या घराण्यांचे वंशज होते आणि इथल्याच मातीतले, धर्म बदललेले लोकही होते. हे बहुतेक सुन्नी. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले आणि तलवारीच्या जोरावर वर आलेले हबशी या दख्खनींच्या बाजूला होते. हबशीही परदेशीच, समुद्र ओलांडूनच आलेले. मग ते आफाकींमध्ये का गेले नाहीत? कारण गोऱ्या आफाकींनी त्यांना कधी आपल्यात धरले नाही. सुन्नी असणे हे एक कारण होते, पण कातडीचा रंग हेही होते. दख्खनींनी त्यांना जवळ केले, म्हणून ते दख्खनींचे झाले.

मसलतीत दख्खनी सरदार म्हणाले, सुलतानाने स्वतः मोहिमेवर जावे. तेव्हा दौलताबादचा सुभेदार खलफ हसन पुढे आला. हा मूळचा बसऱ्याचा घोड्यांचा व्यापारी. अलाउद्दीनच्या बापाला गादी मिळवून देण्यात त्याचा हात होता, म्हणून त्याला 'मलिक-उत-तुज्जार', व्यापाऱ्यांचा राजा, हा किताब मिळाला होता. तो म्हणाला, मी एकटा जातो, पण माझ्याबरोबर फक्त आफाकी फौज द्या. दख्खनी नको आणि हबशीही नको. काही वर्षांपूर्वी माहीमला गुजरातकडून आपला पराभव झाला, तो यांच्याच हेव्यादाव्यामुळे झाला. सुलतानाने ही अट मान्य केली.

खलफ हसन मेहकरला आला. पैनगंगेकाठचे तेच आपले मेहकर. नरनाळ्यातून निसटलेला खानजहान त्याला इथे येऊन मिळाला. मग आफाकी फौज रोहिणखेडच्या घाटाकडे निघाली. तिथे नसीरखानाचा पराभव झाला. तो बुऱ्हाणपूरला पळाला, तिथून धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्यावर गेला. खलफ हसनने बुऱ्हाणपूर लुटले, जाळले, लळिंगपर्यंत पाठलाग केला आणि तिथेही त्याला हरवले. त्याच वर्षी नसीरखान खचून मरण पावला. लेकीच्या अपमानाचा सूड घ्यायला निघालेला बाप शहर गमावून आणि प्राण गमावून बसला.

खलफ हसन हत्ती आणि लूट घेऊन बीदरला परतला, तेव्हा सुलतानाने त्याचे मोठे स्वागत केले. त्याच वेळी एक हुकूमही काढला. यापुढे दरबारात आफाकी सरदार तख्ताच्या उजव्या बाजूला उभे राहतील, दख्खनी आणि हबशी डाव्या बाजूला. बस, एवढाच हुकूम. कुणाचा पगार कापला नाही, कुणाची जहागीर काढली नाही, कुणाला फाशी दिली नाही. फक्त कोणी कुठे उभे राहायचे ते ठरवले. उजवी बाजू मानाची, डावी कमी मानाची. पण आमच्या समजुतीप्रमाणे दख्खनच्या मुसलमानांच्या इतिहासात यापेक्षा महाग पडलेला हुकूम दुसरा नसेल.

इथे थोडे थांबून एक शंका घ्यायला हवी. ही प्रेमकथा आणि मत्सराची कथा आपल्याला फरिश्ता सांगतो. फरिश्ता कोण? कास्पियन समुद्राकाठच्या अस्तराबादला जन्मलेला, लहानपणी अहमदनगरला आलेला, म्हणजे स्वतः आफाकी. त्याने आपला ग्रंथ विजापूरला दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या आश्रयाने लिहिला, रोहिणखेडच्या लढाईनंतर जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनी. आफाकींचे शौर्य आणि दख्खनींचा हेवा हे त्याच्या ग्रंथातले नेहमीचे सूत्र आहे. तेव्हा त्याचा प्रत्येक शब्द जसाच्या तसा घेता येत नाही. गुजरात, खानदेश आणि बहमनी यांच्यातली जुनी चुरस, माहीमचा पराभव, वऱ्हाडच्या सरदारांची नाराजी, ही युद्धाची खरी कारणे असणार. पण पुरुषांनी केलेल्या युद्धाचे खापर बायकांच्या भांडणावर फोडणे इतिहासकारांना नेहमीच सोयीचे वाटत आले आहे.

शिवाय ज्या मुलीवरून हे सगळे घडले म्हणतात, तिचे काय? संगमेश्वरहून बीदरला येताना तिचे नाव काय होते, हे कुणी लिहून ठेवले नाही. 'परीचेहरा' हे नवऱ्याने दिलेले नाव. ती खंडणीबरोबर आली होती. तिचे त्याच्यावर प्रेम होते की नाही, हे तिला कुणी विचारल्याचे दिसत नाही. आगा जैनबचेही तसेच. तिचा रिश्ता गुजरातला शह देण्यासाठी झाला आणि तिची तक्रार वऱ्हाड घेण्यासाठी वापरली गेली. मालिकेतल्या सेफीला निदान आपले मन सांगता येते. आमच्या इतिहासातल्या या दोघी मुक्याच राहिल्या.

हेही सांगायला हवे की अशी लग्ने त्या काळी निषिद्ध नव्हती. अलाउद्दीनचा काका फिरोजशहा बहमनी याने विजयनगरच्या देवरायाची मुलगी केली होती. पुढे विजापूरच्या युसूफ आदिलशहाची बेगम बुबूजी खानम मराठा घराण्यातली होती आणि तिचाच मुलगा इस्माईल गादीवर बसला. अहमदनगरची निजामशाही स्थापन करणाऱ्या मलिक अहमदचा बाप जन्माने पाथरीच्या ब्राह्मण कुळातला. आपल्या वऱ्हाडची इमादशाही स्थापन करणारा फतहुल्ला इमाद-उल-मुल्क हाही विजयनगरच्या मुलखातला, जन्माने हिंदू. म्हणजे रक्त मिसळायला कुणाची हरकत नव्हती. मग हरकत कशाला होती? मिसळलेल्या रक्ताला बरोबरीचे स्थान द्यायला होती. सुलतानाने कोकणची मुलगी महालात आणली, तिच्यावर जीव टाकला, आणि त्याच सुलतानाने तिच्या मातीतल्या माणसांना तख्ताच्या डावीकडे उभे केले. प्रेम महालात, दरबारात मात्र रांग वेगळी. या विसंगतीकडे फरिश्त्याचेही लक्ष गेलेले नाही.

त्या रांगेचे पुढे काय झाले ते पाहू. १४४६-४७ च्या सुमाराला हाच खलफ हसन कोकणच्या मोहिमेवर गेला. शिर्के नावाच्या राजाने त्याला विश्वासात घेऊन दाट रानात नेले आणि तिथे संगमेश्वरच्या परिसरातच तो व त्याची माणसे कापली गेली. ज्या मुलखातून परीचेहरा आली, त्याच मुलखात रोहिणखेडचा विजेता मेला. वाचलेले आफाकी चाकणच्या किल्ल्यात आले. तेव्हा दख्खनी सरदारांनी सुलतानाला कळवले की हे लोक बंडखोर आहेत. हुकूम मिळवला, त्यांना अभयाचा शब्द दिला, जेवायला बोलावले आणि शेकडो माणसे मारली. त्यांत सय्यद होते, बायका-मुलांचे हाल झाले. काही जण निसटून बीदरला पोचले, तेव्हा सुलतानाला खरे काय ते समजले आणि मग दख्खनींची पाळी आली. रोहिणखेडच्या हुकुमाला तेव्हा जेमतेम दहा वर्षे झाली होती.

१४८१ मध्ये महमूद गवानचा शिरच्छेद झाला. बहमनी राज्याला लाभलेला सर्वांत कर्तबगार वजीर, इराणच्या गिलानचा, म्हणजे आफाकी. त्याने दोन्ही तटांना हुद्दे वाटून समतोल राखण्याचा प्रयत्न केला होता. दख्खनी आणि हबशी सरदारांनी त्याच्या शिक्क्याचे खोटे पत्र तयार केले, सुलतानाने दारूच्या नशेत हुकूम दिला. त्यानंतर बहमनी राज्य टिकले नाही. त्याचे पाच तुकडे झाले, पण भांडण मात्र पाचांतही शाबूत राहिले.

आता रोहिणखेडची दुसरी लढाई. १५८९ मध्ये अहमदनगरला एका आफाकी वजिराने तरुण सुलतानाला ठार केले. तेव्हा जमालखान नावाचा दख्खनी सरदार उठला. हा महदवी पंथाचा. त्याच्या चिथावणीने अहमदनगरच्या गल्ल्यांत आफाकींची कत्तल झाली. फरिश्ता त्या वेळी तिथेच होता. तो वाचला आणि त्याच वर्षी विजापूरला गेला. जमालखानाने इस्माईल नावाच्या मुलाला गादीवर बसवले आणि कारभार आपल्या हाती घेतला. पण या मुलाचा बाप बुऱ्हाण जिवंत होता, अकबराच्या आश्रयाला होता. मुलगा तख्तावर आणि बाप दारोदार. बुऱ्हाणने खानदेशच्या राजे अलीखानाची मदत घेतली आणि १५९१ मध्ये (काही ग्रंथांत १५९० आहे) रोहिणखेडच्याच घाटाखाली बाप-लेकांच्या फौजा भिडल्या. जमालखान गोळी लागून पडला. बाप गादीवर बसला.

दीडशे वर्षांत एकाच गावात दोनदा. पहिल्या वेळी आफाकी जिंकले, दुसऱ्या वेळी दख्खनींचा पुढारी पडला. दोन्ही वेळा मेले ते कलमा पढणारेच. एकाच किब्ल्याकडे तोंड करणाऱ्यांनी एकमेकांना उजवे-डावे ठरवले आणि त्यापायी रोहिणखेडची माती भिजली.

आता पोरीच्या मालिकेकडे परत येऊ. काळे राज्यकर्ते आणि गोरे प्रजा, ही कल्पना इंग्रजी लेखिकेला इतिहास उलटा करून उभी करावी लागली. आमच्या महाराष्ट्रात मात्र ती काही अंशी खरोखर घडली आहे. मलिक अंबर हा इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून बाजारात विकला गेलेला हबशी. अहमदनगर मोगलांनी घेतल्यावर त्याने निजामशाही पुन्हा उभी केली. १६०० मध्ये परांड्याला एका शहजाद्याला मुर्तजा निजामशहा म्हणून गादीवर बसवले आणि स्वतःची मुलगी त्याला दिली. १६२६ मध्ये मरेपर्यंत राज्याचा खरा मालक तोच होता. त्याच्या हाताखाली गोरे आफाकी होते, दख्खनी होते, मराठे होते. आपल्या जिल्ह्यातल्या सिंदखेडचे लखुजी जाधव, जिजाऊंचे वडील, त्याच निजामशाहीतले मातब्बर सरदार. जंजिऱ्याला तर सिद्द्यांचे राज्य १९४८ पर्यंत चालले.

म्हणजे सत्ता काळ्या माणसाच्या हातात आली होती. मग रंगाचा प्रश्न संपला का? एक प्रसंग सांगतो. पीटर व्हान डेन ब्रोके हा डच व्यापारी १६१७ मध्ये मलिक अंबरला भेटला होता. त्याने लिहून ठेवले आहे की मुर्तजा निजामशहाची आणखी एक बेगम होती, गोरी, इराणी. महालात दोघींचे भांडण झाले तेव्हा ती अंबरच्या मुलीला गुलामाची पोर म्हणाली आणि तिच्या बापाविषयीही वाईटसाईट बोलली. मुलीने बापाला कळवले. अंबरने १६१० मध्ये सुलतान आणि त्याची ती बेगम, दोघांनाही विष घालून मारवले आणि सुलतानाच्या लहान मुलाला गादीवर बसवले.

या प्रसंगावर आम्ही पुष्कळ विचार केला. राज्य अंबरचे, फौज अंबरची, सुलतान अंबरच्या मेहेरबानीवर, तरी त्याच महालात एक गोरी बेगम त्याच्या लेकीला तिचा रंग आणि तिच्या बापाची गुलामी ऐकवू शकते. आणि जो माणूस स्वतः बाजारात विकला गेला, तो या एका शब्दाचे उत्तर विषाने देतो. आपल्या जावयाचाही त्यात जीव घेतो, लेकीला विधवा करतो. मालिका सांगते की सत्ता उलटी झाली तर भेदही उलटा होईल. आमचा इतिहास सांगतो, तसे होईलच असे नाही. तख्त बदलले तरी मनातली रांग आपोआप बदलत नाही.

मालिकेत भेद कायद्यात लिहिलेला आहे. जगात असे कायदे खरोखर होते. हिटलरच्या जर्मनीने १९३५ मध्ये ज्यू आणि जर्मन यांच्या लग्नाला बंदी केली. दक्षिण आफ्रिकेने १९४९ मध्ये गोरे आणि इतर वंशांचे लोक यांच्या लग्नाला बंदी करणारा कायदा केला, तो १९८५ मध्ये रद्द झाला. अमेरिकेतल्या अनेक राज्यांतले असे कायदे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रद्द ठरवले. ते न्यायालयात गेले आणि मिटले, कारण ते कागदावर होते. आपल्याकडे १९५४ चा विशेष विवाह कायदा तर उलट अशा लग्नांना वाट देण्यासाठीच झाला. आपली रांग कुठल्याच कागदावर नव्हती. जी कागदावर नाही, ती रद्द कशी करायची?

आणि ती रांग अजून आहे. आमच्या ओळखीच्या एका घरातली गोष्ट सांगतो. नावगाव सांगण्यात अर्थ नाही. मुलगी शिकलेली, शाळेत शिकवणारी. मुलगा सरकारी नोकरीत. दोघेही मुसलमान, दोघेही सुन्नी, दोघांच्या घरी एकाच मदरशाचे मौलवी येतात. मुलाने रिश्ता पाठवला. मुलीच्या बापाने विचारले, कोणाचे आहेत? बिरादरी कळली आणि विषय संपला. "अपने में लडके नहीं रहे क्या?" एवढेच ते म्हणाले. मुलाची बिरादरी मोहल्ल्यात हलकी समजतात, म्हणून. मुलीला कुणी विचारले नाही. आम्ही त्या बापाला ओळखतो. भला माणूस आहे, रमजानमध्ये कुणाला उपाशी झोपू देत नाही. पण नमाजात ज्याच्या खांद्याला खांदा लावून उभा राहतो, त्याला व्याही म्हणून दारात उभा करवत नाही.

आपल्या जिल्ह्यात देशमुख आहेत, मोमीन आहेत, कुरेशी, बागवान, पिंजारी, मणियार, अत्तार, फकीर आहेत, सातपुड्याच्या बाजूला तडवी आहेत. सैलानी बाबांच्या दर्ग्यावर सगळे एका रांगेत असतात, हिंदूही असतात. निकाहाच्या वेळी मात्र रांग मोडते. काही जण फिकहमधल्या 'कुफू'चा, म्हणजे जोड बरोबरीची असावी या नियमाचा आधार देतात. फकीहांमध्ये त्यावर पुष्कळ मतभेद आहेत आणि आम्ही काही आलिम नाही. पण पैगंबरांनी (स.) आपल्या अखेरच्या हजच्या खुतब्यात अरबाला अजमीवर आणि गोऱ्याला काळ्यावर श्रेष्ठत्व नाही असे सांगितले, हे प्रत्येक मुसलमानाला पाठ आहे. त्यांनी स्वतःच्या घराण्यातली जैनब ही मुक्त केलेल्या गुलामाला, हजरत झैद यांना दिली होती. ते लग्न टिकले नाही, हेही खरे. पण द्यायची हिंमत त्यांनी दाखवली होती.

आणखी एक गोष्ट आपण, मराठी बोलणाऱ्या मुसलमानांनी, लक्षात घ्यायला हवी. आपल्यातली कितीतरी घराणी आजही वंशावळ काढून आपण अरबस्तानातून, इराणातून आल्याचे अभिमानाने सांगतात. त्यांतली काही आलीही असतील. पण आपली भाषा काय सांगते? आपल्या घरातल्या ओव्या, आपली भाकरी-ठेचा, आपल्या शेतीचे शब्द काय सांगतात? बीदरच्या त्या दरबारात आपल्यापैकी बहुतेकांना जागा मिळाली असती ती डाव्या बाजूला. दख्खनी आणि हबशी जिथे उभे होते तिथे. ज्या वंशाच्या मोठेपणावर आपण आज दुसऱ्याची मुलगी नाकारतो, त्याच मोठेपणाने आपल्या पूर्वजांना सहाशे वर्षांपूर्वी डावीकडे ढकलले होते. हे समजले तर कदाचित आपली मान थोडी खाली होईल, आणि दुसऱ्याला हलके म्हणताना जीभ अडखळेल.

पोरीला आम्ही हे सगळे सांगितले. मग एके दिवशी तिला घेऊन रोहिणखेडलाही गेलो. मशिदीच्या दगडांवर दुपारचे ऊन होते. जोहरची वेळ झाली तसे आम्ही दोन रकात पढलो. परत घाट चढताना तिने विचारले, "चाचा, माझ्या वेळी तुम्ही विचाराल का, कोणाचे आहेत म्हणून?"

इतिहासावर तासभर बोललेला माणूस अशा वेळी लगेच उत्तर देऊ शकत नाही. घाटाची दोन वळणे गेली. मग आम्ही म्हणालो, मुलगा कसा आहे ते विचारू. ती काही बोलली नाही, खिडकीबाहेर पाहत राहिली. आमच्या शब्दाची परीक्षा अजून व्हायची आहे. ती होईल तेव्हा आम्ही कोणत्या बाजूला उभे असू, हे त्या दिवशीच ठरेल.